डावं शिलिंडर

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते शिलिंडर उतरवायचं. गॅसचं नाही, गाडीचं. इंजिनात पिस्टन ज्या लोखंडी नळकांड्यात वरखाली पळतो ना, ते. मी वरून शिलिंडर दोन्ही हातांनी धरलेलं, खाली पिस्टन, आन पिस्टनच्या रिंगा केसरनं बोटांनी दाबून धरलेल्या. केसर म्हणजे माझी बायको. रिंग असते कापलेल्या बांगडीसारखी, फाकलेली, ती दाबली नाही तं शिलिंडरात शिरत नाही आन जोर केला तं काचेसारखी मोडते. दुसरे मिस्तरी पट्टी लावतात, सुतळी गुंडाळतात. मला कधी लागली नाही. चाळीस वर्षं माझ्याकडं केसरची बोटं होती. ती खाली मांडी घालून बसायची, अंगठ्यानं आन दोन बोटांनी दाबायची आन म्हणायची, हं, सोडा. मी सोडलं की शिलिंडर बोटांवरून खाली यायचं आन ती ऐन वेळेला बोटं काढायची. चिमटली नाहीत असं नाही, चिमटायची. नखं काळी असायची तिची, कायम. कोणाच्या लग्नात गेली की हात पदराखाली घेऊन बसायची.

त्या दिवशी बी तसंच. गाडी दोन शिलिंडरची. उजवं बसलं, पाण्यासारखं गेलं. डावं उतरवताना ती म्हणाली, डावं घट्ट शे. मी म्हटलं, काय घट्ट? ती म्हणाली, उजवं गयं तसं हाई नही जाई ऱ्हायनं, मन्हा बोटंसले कळस ना. मी म्हटलं, तू लेथवर जाऊन माप घेऊन आलीस का? ती म्हणाली, नही. मंग दाब गुमान, असं म्हटलं मी. तिनं दाबलं. मी वरून तळहाताचा एक ठोसा दिला आन डावं बी बसवलं. ती उठताना भिंतीला धरून उठली, हात धुतले, चहा ठेवला. चहात साखर कमी होती, त्यावरून बी मी बोललो.

एवढंच. लई मोठं काही नव्हतं. काय सांगू तुम्हाला भाऊ, त्यानंतर दोघांनी मिळून केलेलं दुसरं काम नाही.

माझं नाव भिका. माझ्या आधीची तीन गेली, मंग आईनं पाच घरची भीक मागून त्या पिठाची भाकरी खाल्ली आन मी जगलो, म्हणून भिका. आमचं मूळ गाव तापीकाठचं, बाप विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा, मी चौथीपर्यंत शाळेत गेलो आन पाचवीला बापानं पाना हातात दिला. घरात आमची अहिराणीच, ही मराठी तुमच्यासाठी बोलतो, चुकलं तं तुम्ही नीट करून लिहा. नाही तं राहू द्या, चुकलेलंच लिहा.

बाप गेल्यावर मी अक्कलकुव्याला आलो, हायवेला पत्र्याचं शेड टाकलं. गुजरातकडं जाणाऱ्या गाड्या थांबायच्या. लग्न त्याच सालात. केसर आली तेव्हा अंगानं काडी होती, तिला पान्यांचे नंबर आठ दिवसांत पाठ झाले. मला वाटायचं मी शिकवलं. आता वाटतं ती नुसती बघून शिकली, मी फक्त ओरडलो.

आन ही गाडी. जंगलात रस्त्याचं काम चालायचं तेव्हा एक मुकादम आपली जुनी इंग्रजी फटफटी माझ्याकडं दुरुस्तीला टाकून गेला तो परत आलाच नाही. सहा वर्षं वाट पाहिली, मंग मी ती चालवायला लागलो. दिसायला वाघ. टाकी बघून माणसं हात लावायची. पण त्या कंपनीनं या मॉडेलला शिलिंडर लहान दिलेलं, आवाज गोड, दम कमी. सपाटीला दोघांना घेऊन मजेत जायची, घाट आला की रडायची.

आन आमचं तं सगळं घाटावरच. मोलगीचा बाजार. तिकडं चक्कीची इंजिनं, डिझेल पंप, जीपा, सगळं बिघडलेलं असायचं आन मिस्तरी नसायचा. दर बाजाराला आम्ही दोघं गाडीवर जायचो, हत्यारांची पेटी पुढं टाकीवर, केसर मागं. तिसऱ्या वळणापर्यंत गाडी कशीबशी चढायची. तिसऱ्या वळणाला इंजिन घुर्रघुर्र करायला लागलं की केसर मागून विचारायची, उतरू का? मी म्हणायचो, उतर. ती उतरायची, चपला झिजू नयेत म्हणून काढून हातात घ्यायची आन चालायला लागायची. मी पुढं निघून जायचो. वर सपाटीला झाडाखाली बिडी ओढत बसायचो. तिला अर्धा-पाऊण तास लागायचा. आली की मी म्हणायचो, कमी खात जा, गाडीला झेपत नाही. झाडाखाली दुसरे बी कोणी बसलेले असायचे, ते हसायचे. ती बी हसायची. पदरानं तोंड पुसून मागं बसायची.

पोटुशी असताना बी चालली. पहिल्या वेळेला सातवा महिना होता. मंगल आमची लेक, तिच्या आधीचं ते एक पोटातच गेलं. घाट चालून गेलं असं तिची आई म्हणाली, मी म्हटलं नशीब. पुढच्या बाजाराला मी एकटा गेलो, त्याच्या पुढच्या बाजाराला ती होती मागं. तिसऱ्या वळणाला विचारलं, उतरू का? मी म्हटलं, उतर. ऐका, हे मी लपवणार नाही. लिहा हे.

बाजारात मात्र ती राणी. मी इंजिनात डोकं घालून, आन ती पोत्यावर बसलेली. डोंगरातल्या बायांची भाषा तिला यायची, मला चाळीस वर्षांत आली नाही. त्या बाया माझ्याशी बोलायच्याच नाहीत. चक्कीचं काय बिघडलं ते तिला सांगायच्या, ती मला सांगायची. कोणी मोहाची फुलं आणून द्यायची, कोणी आमचूर. पोरं मांडीवर टाकून जायच्या तिच्या. ती वरून खाली येताना तोंड वेगळंच असायचं तिचं.

दिवाळीच्या आधी तिला दम लागायला लागला. घाटात दर वळणाला दगडावर बसायची. मी वर बिडी संपवायचो, दुसरी लावायचो, तरी ती दिसायची नाही. मंगलला सुरतेकडं दिलीय, ती आली आन आईला चिंचपाड्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. मी बी गेलो. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आन म्हणाले, काका, यांचं हृदय मोठं झालंय. मी म्हटलं, मोठं झालं तं चांगलंच ना, जास्त ओढेल. मंगल उठून बाहेर गेली. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, काका, मोठं झालंय म्हणजे सैल पडलंय, चढण चढायची नाही, जड उचलायचं नाही, गोळी चुकवायची नाही. सैल म्हटल्यावर मला कळलं. सैल इंजिन मी रोज बघतो. कळलं नाही असं म्हणायला मला जागाच नाही भाऊ.

मंगल म्हणाली, आबा, आता आईले घाट बंद. मी म्हटलं, ती कशाला चढेल, गाडी चढेल. तेव्हापासून डोक्यात बसलं की या गाडीला मोठं शिलिंडर बसवायचं. लोक म्हणतात मिस्तरीनं बायकोसाठी केलं. खोटं आहे. मला इतकी वर्षं त्या झाडाखालच्या लोकांसमोर गाडीची लाज वाटत होती. बायकोची नाही, गाडीची.

सुरतेच्या भंगार बाजारात त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीची दोन शिलिंडरं सापडली. आता मोठं शिलिंडर जुन्या इंजिनावर असं बसत नाही. खालच्या चेंबरचं तोंड लहान, ते लेथवर मोठं करून घ्यावं लागतं, बोल्टांची भोकं सरकवावी लागतात, पिस्टन नवे, वरचं झाकण, हेड, घासावं लागतं. दिवाळीपासून होळीपर्यंत तेच करत होतो. केसर दारात बसून बघायची. आठ दिवसांनी एकदा म्हणायची, मन्हा बाजार चुकना. जीपनं जायचं म्हणाली दोनदा. मी म्हटलं, मिस्तरीची बायको जीपमध्ये कोंबून जाणार? थांब.

पिस्टन आन शिलिंडर यांच्यात फट ठेवावी लागते. गरम झाला की पिस्टन फुगतो, फट नसली तं शिलिंडरात अडकतो, त्याला आम्ही म्हणतो इंजिन पकडलं. मी फट मोजतो दाढीच्या पात्यानं. मधे पातं घालायचं, ते सरकलं पाहिजे. माझ्या बापाची रीत. पण लहान पिस्टनला जेवढी फट लागते त्याच्यापेक्षा मोठ्याला जास्त लागते, कारण मोठा जास्त फुगतो. हे मला माहीत होतं. उजव्याला पातं घातलं, मोकळं सरकलं, वर अजून जागा होती. डाव्याला घातलंच नाही. एकाच लेथवरचं, एकाच हातचं, म्हणून घातलं नाही. ती म्हणाली तेव्हा तरी पातं घालायचं होतं. पातं तिथंच पडलेलं, पायाजवळ. पण बाईनं सांगितलं म्हणून मिस्तरीनं मापायचं?

चहा पिऊन इंजिन पूर्ण बांधलं आन दिवस मावळायच्या आत किक मारली. एका किकमध्ये लागली. काय आवाज भाऊ. आधी शेळी होती, आता म्हैस. हायवेवरचे सगळे गोळा झाले. कोणीतरी म्हणालं, मिस्तरी, उद्या होळीचा बाजार, डबल सीट घाट चढवून दाखवा तवा खरं. मी म्हटलं, उद्याच दाखवतो.

आता हे नीट ऐका. नवं शिलिंडर बसवलं की पहिले हजार किलोमीटर गाडी एकट्यानं, हळू चालवायची, चाळीसच्या वर नाही, डबल सीट नाही, घाट तं नाहीच. हे मी दर गिऱ्हाइकाला सांगायचो. जो ऐकायचा नाही त्याला म्हणायचो, माझ्या दारात परत येऊ नको. आन मी स्वतः दुसऱ्या दिवशी, सात किलोमीटर बी न चालवता, दोन माणसं आन हत्यारांची पेटी घेऊन घाटाला निघालो.

त्या संध्याकाळीच केसर म्हणाली, तुम्ही पुढे व्हा, मी जीपमा येस. एवढ्या लोकांसमोर म्हणाली. मी म्हटलं, जीपमध्ये बसलीस तं परत या घरात पाय ठेवू नको. ती आत गेली. सकाळी नवं लुगडं नेसून बाहेर आली, गोळी घेतली, मागं बसली. तिला बाजार पाहिजे होता, कसा का होईना.

घाट लागला. पहिलं वळण कधी गेलं कळलं नाही. दुसऱ्याला ती म्हणाली, डावा पाय भाजी ऱ्हायना. ती लुगड्यामुळं एका अंगाला बसायची, दोन्ही पाय डावीकडं, डाव्या शिलिंडरची झळ तिच्या पायावर. मी म्हटलं, धीर धर. पाय वर घे. तिसरं वळण आलं. मी गिअर बदलला नाही, मूठ पिळली, आन गाडी चढली. चढली भाऊ. केसरनं माझ्या पाठीत थाप मारली आन ओरडली, चढनी व, मिस्तरी, चढनी! चाळीस वर्षांत तिनं मला पाठीत थाप मारली नव्हती. मी मान वळवून तिच्याकडं बघितलं. दात दिसत होते तिचे सगळे.

त्याच्या पुढं दोनशे पावलं गेलो असू. आधी आवाज घट्ट झाला. मंग चर्र झालं, मागचं चाक घासलं, आन गाडी जागेवर उभी. डावं पकडलं. मला आवाजावरूनच कळलं, डावं. ती मागून म्हणाली, उतरू का? आन मी म्हटलं, उतर. तोंडातून निघूनच गेलं.

मागून रायसिंगची जीप आली, बाजाराची, टपावर माणसं, मागं लोंबकळलेली माणसं. रायसिंग डोंगरातला, चांगला माणूस. थांबला. म्हणाला, मिस्तरी, बाईला पुढं बसवा माझ्याजवळ, तुम्ही या मागून. टपावरून कोणी म्हणालं, वाघ बसला रे. सगळे हसले. मी म्हटलं, जा तू, आम्ही तुझ्या आधी पोचतो. रायसिंगनं केसरकडं बघितलं. केसरनं माझ्याकडं बघितलं. मंग ती त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली, हसून, आन जीप गेली. काय म्हणाली ते मी अजून रायसिंगला विचारलं नाही.

मी खाली बसून प्लग काढायला लागलो. पकडलेलं इंजिन थंड झालं की सुटतं, वरून थोडं तेल सोडायचं आन थांबायचं. मान वर केली तं ती चपला हातात घेऊन चालायला लागलेली. मी सांगितलं नव्हतं. तिला सांगायला लागतच नव्हतं, गाडी थांबली की ती चालणार. मी म्हणू शकलो असतो, बस इथं सावलीला. म्हटलं नाही. मला ती नजरेसमोर नको होती. डाव्याबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती, आन तेच मला सहन होत नव्हतं.

अर्ध्या तासानं इंजिन सुटलं. किक मारली तं लागली बी हरामखोर, खडखड करत पण लागली. चौथ्या वळणाला ती दिसली. कठड्याच्या दगडाला पाठ लावून बसलेली, चपला मांडीवर, मान एका बाजूला. मी गाडी जवळ नेली, बंद करायची नव्हती, परत लागते का नाही भरवसा नव्हता. तिथूनच ओरडलो, ऊठ, बैस लवकर, इंजिन गरम होतंय. ती उठली नाही. मी शिवी दिली. मंग मोठ्यानं दुसरी शिवी दिली. गाडी चालूच होती. काय सांगू तुम्हाला, मेलेल्या बाईला मी दोन शिव्या दिल्या, आन वरून मूठ पिळून आवाज केला, ती उठावी म्हणून.

रायसिंग बाजारात माणसं उतरवून रिकामी जीप घेऊन परत येत होता. थांबला, खाली उतरला, तिच्या नाकाजवळ हात धरला. मंग माझ्याकडं न बघता म्हणाला, आता तरी बसवू का, मिस्तरी?

पुढच्या सीटवर बसवून आणली तिला, झोपवून नाही. तो म्हणाला, तिला पुढंच बसायचं होतं.

दुपारून मंगल आली, दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. मंगल रडली नाही माझ्यासमोर. एकच बोलली, आबा, तुम्ही तिले शेवटलोंग चालाले लावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर माणसं बसायला यायला लागली. आमच्यात सुतकात हत्याराला हात लावत नाहीत. मी उठलो, शेडमध्ये गेलो, गाडी रायसिंगनं आणून टाकली होती, तिचं इंजिन उघडायला बसलो. माणसं ओट्यावर बसून बघत होती. एक म्हातारी म्हणाली, लाज सोडी दिनी याने. ऐकलं मी. डावं शिलिंडर वर उचललं. पिस्टन एका अंगाला सोललेला, चांदीसारखा. जिथं सोलला नव्हता तिथं शिलिंडरात धरून पातं घातलं. पातं शिरलं नाही. जोर केला, तं पातं मोडलं.

लहान शिलिंडरं मी तिला भंगारात दे म्हटलं होतं. दिली नव्हती बाईनं. कोठीमागं होती दोन्ही, तेल लावून, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून, पिस्टन, रिंगा सगळं बरोबर. ती बाहेर आणली. चेंबरचं तोंड आता मोठं झालेलं, लहान शिलिंडर त्यात खेळायला लागलं, मंग पत्र्याची कडी कापून मधे बसवली. ते होतं. सगळं होतं. रिंगा दाबायला कोणी नव्हतं.

मंगल दारात उभी होती. मी म्हटलं, जरा रिंगा दाब. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मंग आत निघून गेली. मंग मी सुतळी गुंडाळली. पहिली रिंग मोडली. दुसऱ्या वेळेला सुतळी निसटली. चौथ्या वेळेला बसलं. ऊन डोक्यावर यायच्या आधी दोन्ही बसली. उजव्याला पातं लावून बघितलं होतं. डाव्याला बी बघितलं, दोनदा, वरून आन खालून.

किक मारली. एकातच लागली, तोच जुना बारीक आवाज. दोघांना घाट चढवायचा दम नाही त्या इंजिनात. एकट्याला पुरतं.